सिनेमा, गेम आणि संगणक यांसाठी एकच टीव्ही कसा निवडावा

सिनेमा पाहण्यासाठी, गेम खेळण्यासाठी आणि संगणकाचा पडदा म्हणून एकच टीव्ही घ्यायचा ठरवले की पहिली अडचण उभी राहते ती अशी, की या तिन्ही कामांच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत. सिनेमाला अंधारात खरा काळा दिसणारा पडदा हवा असतो, गेमला बटण दाबताक्षणी हालणारे चित्र हवे असते आणि संगणकाला बारीक अक्षराची स्वच्छ कड हवी असते. यांपैकी संगणक हाच सर्वांत कडक परीक्षक आहे, असे माझे मत झाले आहे. कारण हलत्या चित्रात जे दोष खपून जातात, तेच पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांत तासन्‌तास डोळ्यांसमोर राहतात. म्हणून माहितीपत्रक हाती घेण्याआधी स्वतःच्या खोलीपासून आणि सवयींपासून सुरुवात करावी, दुकान शेवटी गाठावे.

पहिली पायरी : तासांचा हिशेब

एक आठवडाभर कागदावर टिपून ठेवा की पडद्यासमोर कोणत्या कामासाठी किती तास गेले आणि ते दिवसा गेले की रात्री. अंदाजाने उत्तर देऊ नये, कारण आपण स्वतःला जितके सिनेमाप्रेमी समजतो तितके बहुधा नसतो. रोज पाच-सहा तास संगणकाचे काम आणि आठवड्याला एक सिनेमा असा हिशेब निघाला, तर निवड संगणकाच्या बाजूने करावी लागेल; रात्रीचे सिनेमे आणि सुट्टीच्या दिवशी गेम असा निघाला, तर पुढची बरीच उत्तरे उलटी होतील.

दुसरी पायरी : मोजपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रे

टीव्हीचा आकार कर्णात सांगतात, पण डोळ्यांना जाणवते ती रुंदी. ५५ इंची पडद्याचा कर्ण सुमारे १४० सेंटीमीटर असतो, रुंदी १२२ आणि उंची साधारण ६८.५ सेंटीमीटर. वर्तमानपत्रे जोडून त्या मापाचा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दुकानाच्या उंच छताखाली लहान भासणारा पडदा घरात केवढा होतो, हे या कागदाइतके कोणी सांगत नाही.

आता बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. पडद्याने दृष्टिक्षेत्राचा किती भाग व्यापावा, याची दोन प्रचलित मापे आहेत : एक ३० अंशांचे आणि दुसरे, अधिक सिनेमागृहासारखे, ४० अंशांचे. ५५ इंची पडदा ३० अंशांत बसतो तो सुमारे २.३ मीटरवरून, तर ४० अंशांत १.७ मीटरवरून, ६५ इंचीसाठी हीच अंतरे जवळपास २.७ आणि २ मीटर होतात. कर्ण सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याला अनुक्रमे १.६ आणि १.२ ने गुणले, तर कोणत्याही आकाराचे उत्तर मिळते.

रिझोल्यूशनचा प्रश्नही याच अंतराशी बांधलेला आहे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल आणि ४के म्हणजे ३८४० × २१६०, अर्थात चौपट. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, या हिशेबाने ५५ इंची फुल एचडी पडद्याचे पिक्सेल सुमारे २.२ मीटरच्या पलीकडून एकमेकांत मिसळतात. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून सिनेमा पाहणाऱ्याला ४केचा फायदा निव्वळ पिक्सेलमुळे फारसा जाणवत नाही. जाणवतो तो उजळपणाचा आणि रंगांचा. हाच पडदा संगणकासाठी एका मीटरवर आणला की चित्र पालटते, कारण तिथे ५५ इंची फुल एचडीवर इंचाला जेमतेम ४० पिक्सेल पडतात आणि अक्षरांना पायऱ्या दिसतात. ४केमध्ये ५५ इंचावर ८०, ४८ इंचावर ९२ आणि ४३ इंचावर १०२ पिक्सेल दर इंचाला मिळतात. टेबलावर ठेवून काम करायचे असेल, तर ४२ ते ४८ इंचांच्या पलीकडे जाऊ नये असे मी सुचवीन. त्याहून मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहण्यासाठी मान वळवावी लागते. सोफ्यावरूनच संगणक वापरायचा असेल, तर मोठा पडदा चालेल, मात्र अक्षरे १५० ते २०० टक्के मोठी करावी लागतील आणि मग पडद्यावर मावणारा मजकूर कमी होईल. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांतील पडदा बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलचा असतो. संगणकासाठी तो घेऊच नये.

तिसरी पायरी : खोलीतला उजेड आणि पडद्याची जात

एलसीडी पडद्यात मागे दिवे असतात आणि पुढचा द्रव स्फटिकांचा थर तो उजेड अडवतो किंवा सोडतो. अडवण्याचे काम पूर्ण कधीच होत नाही, म्हणून काळा रंग थोडा राखाडी उमटतो. या गटात व्हीए आणि आयपीएस अशा दोन जाती आहेत. समोरून पाहिल्यास व्हीएचा काळा बराच गडद असतो, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागांचे प्रमाण, ३००० ते ६००० ला एक इतका भरतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १००० ला एकच्या आसपास, मात्र तो बाजूनेही सारखा दिसतो; टेबलाजवळ बसणाऱ्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जवळून पाहताना मोठ्या पडद्याचे कोपरे आपण तिरकेच पाहत असतो.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा खरोखर काळा असतो. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याने दुसरीकडे पाहू नये, इतका हा फरक स्पष्ट आहे. त्याच्या उणिवा संगणकाच्या बाबतीत पुढे येतात. तळाची पट्टी, चिन्हे, तक्त्याच्या रेषा अशा दिवसभर न हलणाऱ्या गोष्टींचा ठसा काही हजार तासांनंतर पडद्यावर कायमचा उमटू शकतो. शिवाय पूर्ण पांढरे पान उघडले की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी पडदा आपोआप मंद होतो, आणि खिडक्या लहानमोठ्या करताना उजळपणा वरखाली होत राहतो. तळपट्टी लपवणे, गडद पार्श्वभूमी ठेवणे, उजळपणा बेताचा ठेवणे आणि काम संपल्यावर लगेच भिंतीवरचे बटण बंद न करणे, हे चार उपाय करता येतात. शेवटच्या उपायाचे कारण असे की, स्टँडबायमध्ये असताना हे पडदे पिक्सेलची झीज भरून काढण्याची प्रक्रिया चालवतात. मुख्य वीजच तोडली तर ती राहून जाते.

मधला मार्ग मिनी-एलईडीचा आहे. यात मागचे दिवे लहान आणि पुष्कळ असून त्यांचे शेकडो विभाग स्वतंत्रपणे मंद-प्रखर होतात. भरपूर उजेडाच्या खोलीत हा पडदा ओएलईडीवर मात करतो आणि ठशाची धास्तीही नसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उपशीर्षके आली की त्यांच्याभोवती धुरकट वलय दिसते, हा त्याचा दोष. संगणकावर काळ्या पडद्यावरून माऊसचा बाण फिरवल्यास हेच वलय बाणामागे काजव्यासारखे फिरते. दिवसा काम आणि रात्री थोडा सिनेमा असा हिशेब असलेल्याने मिनी-एलईडी घ्यावा, हे माझे मत.

चौथी पायरी : सिनेमाची गती आणि एचडीआर

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करतो ते हर्ट्‌झमध्ये मोजतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर ही संख्या सरळ भागली जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा असे दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथपणे आडवा सरकत असताना चित्र अडखळल्यासारखे होते. १२० हर्ट्‌झमध्ये प्रत्येक चित्र बरोबर पाचदा दाखवता येते आणि हा प्रश्नच उरत नाही. ६० हर्ट्‌झचे काही संच २४ चित्रांचा सिग्नल ओळखून स्वतःचा वेग बदलतात. तसे नसेल, तर १२० हर्ट्‌झचा पडदा घेण्याचे हे केवळ गेमपुरते कारण राहत नाही. मधली चित्रे स्वतः रचून गती गुळगुळीत करणारी सोय मात्र सिनेमासाठी बंद ठेवावी. तिच्यामुळे उत्तम छायाचित्रणालाही दैनंदिन मालिकेची कळा येते. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ ही सगळी प्रक्रिया एका झटक्यात बंद करतो, म्हणून तो आहे का ते पाहावे.

एचडीआरबाबत, म्हणजे अधिक उजळ आणि अधिक गडद छटा एकाच चित्रात दाखवण्याच्या तंत्राबाबत, खोक्यावरचे चिन्ह फार काही सांगत नाही. एचडीआर१०, एचडीआर१०+, डॉल्बी व्हिजन आणि एचएलजी ही सिग्नलची रूपे आहेत. तो सिग्नल स्वीकारणे वेगळे आणि दाखवता येणे वेगळे. ३०० निट्‌सचा (निट हे उजळपणाचे माप), विभागवार मंद न होणारा स्वस्त पडदा एचडीआर सिग्नल घेतो आणि उलट फिका दाखवतो. अशा संचावर साधे चित्रच बरे दिसते.

पाचवी पायरी : गेमसाठी वेग आणि जोडणीची छिद्रे

इथे फसवणुकीला सर्वांत जास्त वाव आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. मी घेतलेल्या एका संचाच्या खोक्यावर गतीचा आकडा ठळक २४० असा छापलेला होता. घरी संगणक जोडून सेटिंग उघडले, तर यादीत ६० हर्ट्‌झच्या वर काहीच नव्हते. तो मोठा आकडा चित्रावर केलेल्या प्रक्रियेचा गुणाकार होता. पडद्याचा मूळ वेग माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेला होता. तेव्हापासून मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो : पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती?

दुसरा प्रश्न एचडीएमआयचा. ४केमधल्या एका चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला १२० चित्रे म्हणजे जवळपास १०० कोटी पिक्सेल. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट असल्याने हा भार, रंगांची माहिती न कापता, तिला पेलत नाही. एचडीएमआय २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे, पण त्यातली बहुतेक वैशिष्ट्ये उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेली आहेत, त्यामुळे नुसता ‘२.१’ हा शिक्का पुरेसा नाही. ४के १२० हर्ट्‌झ, व्हीआरआर (खाली पाहा) आणि एएलएलएम (गेम सुरू होताच कमी उशिराचा गेम मोड आपोआप लावणारी सोय) या तिन्ही गोष्टी नावानिशी लिहिलेल्या आहेत का, आणि कोणत्या छिद्राला, हे तपासावे. चार छिद्रांपैकी दोनच वेगवान असणे नेहमीचे आहे, आणि अनेकदा त्या दोनांतलेच एक ध्वनियंत्रणेसाठी लागणारे ईआर्क छिद्र असते. गेमचा कन्सोल, संगणक आणि साऊंडबार अशा तिघांना मग दोन जागा उरतात.

व्हीआरआर म्हणजे गेमच्या कमीजास्त होणाऱ्या वेगाप्रमाणे पडद्याने स्वतःचा वेग बदलणे. त्यामुळे चित्र आडवे फाटल्यासारखे दिसत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही कन्सोल ४के १२० हर्ट्‌झ सिग्नल देऊ शकतात, मात्र अनेक गेम ३० किंवा ६० वरच चालतात. याहून जुना कन्सोल असेल आणि संगणकावर वेगवान गेम खेळत नसाल, तर ६० हर्ट्‌झचा चांगला पडदा घेऊन उरलेला पैसा चित्राच्या दर्जावर खर्च करणे शहाणपणाचे.

इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर, माहितीपत्रकात क्वचितच असतो. ६० हर्ट्‌झला एका चित्राचा अवधी १६.७ मिलिसेकंद आणि १२० ला ८.३. गेम मोडमध्ये २० मिलिसेकंदांच्या आत उशीर असेल, तर तो हाताला जाणवत नाही. सिनेमाच्या मोडमध्ये त्याच संचाचा उशीर काही पटींनी वाढू शकतो. माऊस वापरतानाही हा उशीर खुपतो, म्हणून संगणकासाठीही गेम मोड किंवा पीसी मोडच ठेवावा.

सहावी पायरी : संगणकाची चाचणी

ही चाचणी दुकानातच करावी, आणि त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप आणि केबल बरोबर न्यावी. संकोच वाटतो हे खरे, पण दहा मिनिटांच्या संकोचाने काही वर्षांची डोकेदुखी टळते.

मुख्य प्रश्न रंगांच्या माहितीचा आहे. जागा वाचवण्यासाठी व्हिडिओमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा पाठवतात, रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात हे कळतही नाही. संगणकाच्या मजकुराला ४:४:४ लागते, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. परीक्षेसाठी एक चित्र घरीच तयार करा : निळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि किरमिजी रंगांत लहान अक्षरे, आणि शेजारी एक पिक्सेल जाडीच्या उभ्या-आडव्या रेषा. ते १०० टक्के आकारात पडद्यावर उघडा आणि जवळ जाऊन पाहा. ४:४:४ असेल, तर लाल अक्षराची दांडी सरळ आणि भरीव दिसते. नसेल, तर तीच दांडी शाई फुटलेल्या टिपकागदावर लिहिल्यासारखी पसरते, आणि काळी अक्षरे मात्र ठीक दिसत असल्याने दोष पटकन ध्यानात येत नाही. आधी त्या इनपुटला सेटिंगमध्ये ‘पीसी’ असे नाव देऊन पाहावे. कित्येक संच तेवढ्यानेच ४:४:४ दाखवू लागतात. मग वेग १२० हर्ट्‌झ करून तेच चित्र पुन्हा पाहावे, कारण काही संच त्या वेगाला उभा तपशील अर्धा करतात आणि बारीक आडव्या रेषा एकमेकींत विरघळतात.

त्यानंतर पडद्याच्या चारही कडा पाहा. तळपट्टी अर्धी कापलेली असेल, तर ओव्हरस्कॅन (चित्र किंचित मोठे करून कडा कापणे) चालू आहे. तो बंद करता येतो का ते तिथेच करून पाहावे, आणि बंद होत नसेल तर तो संच सोडून द्यावा. काळा रंग धुरकट किंवा सावल्या एकदम गडप झालेल्या दिसत असतील, तर संगणक ० ते २५५ आणि टीव्ही १६ ते २३५ अशा वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरत आहेत, दोन्हीकडे एकच ठेवावी. लाल-हिरवे-निळे हे उपपिक्सेल काही पडद्यांत उलट्या क्रमाने असतात, तर काही ओएलईडींमध्ये त्रिकोणी मांडणीत किंवा चौथ्या पांढऱ्या उपपिक्सेलसह. त्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. सवयीने ती काहींना दिसेनाशी होते, काहींना कधीच होत नाही. स्वतःचे डोळे कोणत्या गटातले, हे पंधरा मिनिटे सलग मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून एखादे लांब प्रकरण उघडून वाचून पाहा. संगणक झोपल्यावर टीव्ही बहुधा आपोआप झोपत-उठत नाही, रिमोट घ्यावा लागतो, हीही तयारी ठेवावी.

दुकानात आणि घरी

दुकानातला संच बहुधा प्रदर्शनाच्या मोडवर असतो. निळसर आणि अतिप्रखर. विक्रेत्याला सिनेमा मोड आणि ‘वॉर्म’ रंगछटा लावायला सांगावे. प्रथमदर्शनी ती पिवळसर वाटते, पण सिनेमे ६५०० केल्विनच्या आसपासच्या ज्या पांढऱ्यावर तयार होतात त्याच्या ती सर्वांत जवळ असते. स्टँडच्या पायांमधले अंतर टेबलाच्या रुंदीशी जुळते का, भिंतीवर लावायचा असल्यास मागच्या छिद्रांचे व्हेसा माप (त्या छिद्रांमधले प्रमाणित अंतर) काय, हेही लिहून घ्यावे. आवाजावर वेळ घालवू नका. इतक्या पातळ खोक्यातून चांगला आवाज निघत नाही, वेगळी व्यवस्था करावीच लागते. केबलवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणचिन्ह असावे. १२० हर्ट्‌झला पडदा मधूनच काळा होत असेल, तर टीव्हीवर संशय घेण्याआधी केबल बदलून पाहावी.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री खोलीत पूर्ण अंधार करून आधी काळे, मग पाच टक्के राखाडी, मग पांढरे आणि शेवटी लाल, हिरवे, निळे अशी एकरंगी चित्रे लावा. राखाडीत उभे पट्टे, काळ्यात कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड आणि रंगांत मेलेले पिक्सेल दिसतात. थोडेसे पट्टे जवळपास प्रत्येक संचात असतात. संथ सरकणाऱ्या दृश्यात ते डोळ्यांत खुपले, तरच तक्रार करावी. तसेच एकदा सिनेमा, एकदा गेम आणि एक पूर्ण दिवस काम असे तिन्ही प्रकार परतीची मुदत संपण्याआधी करून घ्यावेत, आणि तोवर खोके व आतील थर्माकोल जपून ठेवावे.